नावाड्याचं पिक्चर, आणि त्याच्या आधीचं

आमच्या धंद्यात घाबरट माणूसच टिकतो. हे मी अभिमानानं सांगतो आहे. भिलाईतल्या एका टॉकीजमध्ये मी आयुष्यभर ऑपरेटर होतो, म्हणजे पिक्चर चालवणारा. लग्न जुळलं तेव्हा भंडाऱ्याकडच्या माझ्या सासरच्यांना वाटलं की मुलगा स्टील प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर आहे. आमच्या बाबांनीही ते दुरुस्त करायची घाई केली नाही. माझी बायको कुसुम त्याबद्दल अजून मधूनमधून ऐकवते.

घाबरट का, ते सांगतो. चालू पिक्चरमध्ये पडदा काळा झाला की हॉल आधी जरा गप्प बसतो. मग शिट्ट्या सुरू होतात, मग खुर्च्या वाजतात, मग ऑपरेटरच्या खानदानाचा उद्धार होतो. माझ्या उमेदवारीच्या काळात पिक्चर डब्यांतून यायचं, एकेका पिक्चरचे बरेच डबे, आणि मशिनी दोन. एकीवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जाई. तो दिसला की दुसरी मशीन चालू करायची, पुन्हा ठिपका दिसला की उजेड इकडून तिकडे फिरवायचा. प्रेक्षकाला कळता कामा नये. तो ठिपका चुकेल या धास्तीनं मी पापणी लवू देत नसे. नंतर डबे गेले, कॉम्प्युटर आला, ठिपके गेले. माझी धास्ती मात्र तशीच राहिली. कंपनीकडून पिक्चरचं कुलूप उघडायचा नंबर वेळेवर येईल की नाही, मशीन मध्येच रुसेल की काय, असं काहीतरी डोक्यात चालूच असायचं.

केबिनच्या भिंतीला दोन झरोके असतात. एकातून उजेड जातो, दुसऱ्यातून ऑपरेटरनं पडद्यावर नजर ठेवायची. पण तेच पिक्चर दिवसातून चारदा चाललं की माणूस पडदा पाहणं सोडतो आणि खाली बसलेली डोकी पाहायला लागतो. कुठे लोक पुढे सरकतात, कुठे बाया पदर डोळ्याला लावतात, कुठे पुरुषमंडळींना एकदम खोकला येतो, हे मला पाठ असे. पुरुषांचा खोकला म्हणजे रडणंच, फक्त कॉलनीत राहणाऱ्यांचं. माझ्या उस्तादांनी एक शिकवलं होतं, की रडक्या पिक्चरचा शेवट झाला की दिवे लगेच लावायचे नाहीत. लोकांना तोंड पुसायला सवड द्यायची. दिवे किती थांबवायचे हे कोणत्याही पुस्तकात नाही, ते खालच्या डोक्यांवरून ठरवायचं. मालकाला हे पटत नसे. झाडूवाले खोळंबतात म्हणून तो कुरकुरायचा.

इतकी वर्षं माझी एक समजूत होती. पिक्चर एकदा बनलं की बनलं, डब्यात जे आहे ते आहे. लोक बदलतील, तिकिटं बदलतील, पण पिक्चर तेच. ही समजूत मोडली ती नव्या फॅशननं. एखादं पिक्चर चाललं, की काही वर्षांनी त्याच्या आधीची गोष्ट सांगणारं दुसरं काढायचं. पोस्टरवर प्रीक्वल असं लिहिलेलं असे. आमचा तिकीटवाला गिऱ्हाइकाला समजावत असे, "बना बाद में है, पर है पहले का." गिऱ्हाईक डोकं खाजवत आत जाई.

खाष्ट सासूचं एक पिक्चर आमच्याकडे कायम चालायचं. सुनेला रॉकेलच्या डब्याजवळ नेणारी ती सासू पडद्यावर आली, की बायकांच्या रांगांतून अशा शिव्या यायच्या की मला केबिनमध्ये लाजल्यासारखं व्हावं. मग आलं त्याच्या आधीचं. त्यात हीच सासू पंधरा वर्षांची नवरी होती, आणि तिच्या सासूनं तिला काय काय केलं ते होतं. पुढच्या सणाला मालकानं जुनं पुन्हा लावलं. तीच सासू, तोच डबा. पण खाली एकही शिवी नाही. एक बाई तर मोठ्यानं म्हणाली, "बिचारी." आणि जिच्यासाठी सगळ्या रडायच्या त्या सुनेला दुसरी म्हणाली, "लई तोंडाची हाय वो ते." मला धक्काच बसला. एकीला वर उचललं आणि दुसरी आपोआप खाली गेली, आणि त्या बिचाऱ्या सुनेनं तर काहीही केलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात नेहरू नगरचे एक पेन्शनर गृहस्थ थेट केबिनमध्ये चढून आले. म्हणाले, "आपने सीन काट दिया है. जुन्या पिक्चरमध्ये ती सासू शेवटी हसायची, खदाखदा." मी म्हटलं, साहेब, ती कधीच हसत नव्हती. त्यांचा विश्वास बसेना. शेवटी मी त्यांना तो तुकडा मशीनवर पुन्हा दाखवला. त्यांनी तो चष्मा पुसून दोनदा पाहिला आणि जाताना म्हणाले, "तुम लोग बहुत होशियार हो." मी नंतर हा किस्सा सांगून लोकांना हसवलं, पण त्या दिवशी मी हसलो नाही. त्या माणसाच्या आठवणीतलं पिक्चर खरोखरच गेलं होतं आणि ते त्याला परत देणं माझ्या हातात नव्हतं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो त्याच्याकडे येतो. सुखदेवदादा माझ्यापेक्षा मोठे, प्लांटच्या कॉलनीत आमच्याच सेक्टरमध्ये राहणारे, आणि खरेखुरे क्रेन ऑपरेटर. रेल मिलमध्ये होते. बौद्ध विहारात जयंतीला नाटकं होत, त्यात त्यांचं काम ठरलेलं. आवाज खणखणीत आणि चेहरा असा की नुसतं उभं राहिलं तरी लोक गप्प व्हावेत. इथल्या एका निर्मात्यानं छत्तीसगढी पिक्चर काढलं, तेव्हा त्याला म्हातारा नावाडी हवा होता. कुणीतरी सुखदेवदादांचं नाव सांगितलं. आयुष्यात केलेलं ते एकच पिक्चर. आमच्याकडे त्याला कुणी नावानं ओळखत नाही, सगळे नावाड्याचं पिक्चर म्हणतात, मीही तेच म्हणणार.

गोष्ट साधी आहे. पुरात आईबाप वाहून गेलेली एक लहान पोर नावाडी वाढवतो. शेवटी तिचं लग्न होतं आणि तो स्वतःच्या नावेतून तिला पलीकडच्या गावी पोचवतो. नाव नदीच्या मधोमध येते. पोरगी रडत त्याच्याकडे पाहते आहे, आणि तो तिच्याकडे पाहतच नाही. पाण्याकडे पाहत वल्हं मारत राहतो. बस, एवढंच. या ठिकाणी भिलाईत, दुर्गात, अहिवाऱ्यात, जिथे म्हणून हे पिक्चर लागलं तिथे लोक ढसाढसा रडले. दिवे मला सगळ्यांत जास्त थांबवावे लागत ते या पिक्चरला. बाजारात सुखदेवदादा भाजी घ्यायला गेले की भाजीवाल्या त्यांना "ददा", म्हणजे बाप, म्हणत आणि मूठभर कोथिंबीर जास्त टाकत.

ते पाण्याकडे का पाहत होते, हे भिलाईत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

सुखदेवदादांची एकुलती मुलगी वैशाली. तिनं अहिवाऱ्याकडच्या एका छत्तीसगढी मुलाशी, साहूंच्या मुलाशी, आपल्या मनानं लग्न केलं. आम्ही विहारात जातिभेद मोडण्यावर भाषणं करणारी माणसं. पण सुखदेवदादांनी तिला दारात उभं करून सांगितलं, "या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही." पोरगी गेली. तिची आई, मैनावहिनी, आत भिंतीला टेकून रडत होती, असं वैशालीनं पुढे मला सांगितलं. काही वर्षांनी मैनावहिनी आजारपणात गेल्या. वैशाली आली, गेटबाहेर रस्त्यावर उभी राहिली आणि तिथूनच परत गेली. सगळ्या सेक्टरनं सुखदेवदादांना दगड म्हटलं. मीही म्हटलं.

त्यानंतरच्या वर्षी पिक्चरचं शूटिंग झालं. तो नावेचा सीन होता त्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून मीच त्यांना स्कूटरवर घेऊन शिवनाथ नदीच्या घाटावर गेलो. आभाळ भरून आलेलं. डायरेक्टर सांगून राहिला होता की पोरीकडे पाहा, डोळ्यांत पाणी आणा. दादांनी दोनदा हो म्हटलं आणि दोन्ही वेळा पाण्याकडेच पाहिलं. डायरेक्टर वैतागला, मग त्यानं ते मॉनिटरवर पाहिलं आणि तेच ठेवलं.

परतताना वाटेत उतई गावी चहाला थांबलो. दादांचा हात कपाला लावलेला आणि चहा तसाच. मग ते बोलले.

"वामन, वैशूले मी नाई काढलं घरातून."

"म्हंजे?"

"मैनानं काढलं. मले म्हणे, ते पोरगी या दारातून आत आली तर मी या दारातून बाहेर जाईन, जीव देईन. तुमीच सांगा तिले, मह्या तोंडानं निघत नाई. मी सांगतलं."

"मग पोरीले खरं कावून नाई सांगत तुमी? आता तर वहिनी बी नाई."

"मायवर लई जीव आहे तिचा. बापावरचा राग मानूस झेलून नेते बाबा. माय नाई म्हणाली, हे समजलं तर तिच्यापाशी काय राहीन?"

ज्याला दगड म्हटलं तो हा माणूस. आणि मैनावहिनी, ज्या आमच्या घरी पापड लाटायला यायच्या, हळू आवाजात बोलायच्या, त्यांच्याविषयी त्या दिवसापासून माझ्या मनात एक अढी बसली ती बसलीच. किती कठोर बाई, असं वाटायचं. कुसुमजवळ मी हे कधी बोललो नाही. दादांना तसा शब्द दिला होता.

पिक्चर लागलं. दुसऱ्या आठवड्यात दुपारच्या खेळानंतर हॉल रिकामा झाला, तरी केबिनच्या जिन्यावर कुणीतरी बसलेलं दिसलं. वैशाली होती. डोळे सुजलेले. म्हणाली, "वामनकाका, बाबा मह्यासाठीच रडून राहिले होते ना? त्या पोरीकडे पाह्यलं असतं तर त्यायले मी दिसली असती, म्हनून नाई पाह्यलं ना?" मी मान हलवली. तिला घेऊन तसाच सुखदेवदादांच्या क्वार्टरवर गेलो. दार उघडल्यावर बापलेकीचं जे झालं ते मी पाहायला थांबलो नाही. मी गेटबाहेर उभा राहून खोकत होतो.

त्यानंतर वैशाली येऊ लागली, नातू मांडीवर खेळू लागला. नेहरू नगरच्या तिच्या घरात हॉलमध्ये आईचा मोठा फोटो आहे. रोज ताजं फूल. ती आपल्या पोराला सांगायची, "ये तेरी नानी. ये होती ना, तो हमको कोई अलग नहीं करता." सुखदेवदादा समोर बसून ऐकायचे आणि चहात बिस्किट बुडवायचे. मला त्या घरात पाच मिनिटं बसवत नसे.

आणि मग, माझ्या रिटायरमेंटच्या आसपास, नावाड्याच्या पिक्चरच्या आधीचं पिक्चर आलं. निर्माता तोच, डायरेक्टर नवा, तरुण नावाडीही कुणी नवा. नियमाप्रमाणे मी सकाळी रिकाम्या हॉलमध्ये ते चालवून तपासलं. यात नावाडी तरुण आहे. नदी चढते आहे, जाणती माणसं त्याला अडवतात, पण जत्रेची गर्दी पाहून तो नाव खच्चून भरतो. नाव उलटते. तो एका लहान पोरीला घेऊन काठाला लागतो आणि गावाला सांगतो, मी नको म्हणत होतो, तिच्या आईबापांनीच हट्ट केला. पोरीला तो वाढवतो, पण खरं कधी सांगत नाही. खेळ संपला, मी रिकाम्या हॉलचे दिवे लावायचेही विसरलो. डोळ्यांसमोर फक्त जुन्या पिक्चरचा शेवट होता. नदीच्या मधोमध, पोरगी त्याच्याकडे पाहते आहे आणि तो पाण्याकडे. आता लोक काय पाहतील? रडणारा बाप नाही पाहणार. लपवणारा माणूस पाहतील.

मालकाच्या मुलाला, छोट्या सेठला, मोठी हौस. एकाच दिवशी दोन्ही पिक्चर लावायची, आधीचं बाराला, जुनं तीनला. आणि जुन्या पिक्चरच्या नावाड्याला शाल द्यायची. मी त्याच्या मागे लागलो.

"छोटे सेठ, जुनं आधी लावा. लोकांना एकदा जसं पाहिलं तसं पाहू द्या."

"अंकल, कहानी के हिसाब से तो वही पहले है."

"लोकांनी त्या हिशेबानं नाही पाहिलं ना."

"आप टेन्शन बहुत लेते हो," असं म्हणून तो हसला. त्यात खोटं काही नव्हतं.

मग मी दादांकडे गेलो. त्यांना नवी गोष्ट सगळी सांगितली आणि म्हटलं, येऊ नका, तब्येतीचं कारण सांगा. ते गुडघ्याला तेल चोळून राहिले होते. म्हणाले, "वैशूनं नवी साडी काढली आहे. तिले काय सांगू?" घरी येऊन मी दोन दिवस धड जेवलो नाही. कुसुमला वाटलं पित्त झालं.

त्या दिवशी हॉल भरलेला. सुखदेवदादा आणि वैशाली मधल्या रांगेत, अगदी माझ्या झरोक्याच्या रेषेत. बाराचं पिक्चर झालं. लोक बाहेर जाऊन भजी खाऊन परत आले, बडबड भरपूर. तीनचं सुरू झालं. पहिल्यापासूनच काहीतरी वेगळं होतं. नावाडी पोरीचे केस विंचरतो तिथे पूर्वी बाया हसायच्या, आज कुणी हसलं नाही. तो तिला नवा फ्रॉक आणतो तिथे एकजण "हूं" म्हणाला. माझं तेच पिक्चर, मीच चालवत होतो, आणि मला त्यातलं काहीच ओळखू येत नव्हतं.

शेवटचा सीन आला. नाव मधोमध. पोरगी पाहते आहे. दादा पाण्याकडे. हॉलमध्ये कुणी हूं की चूं करत नव्हतं, आणि त्या शांततेत मागून कुणीतरी ओरडलं, "अब तो बता दे डोकरा!"

सगळा हॉल हसला. मी वैशालीच्या डोक्याकडे पाहत होतो. ते हललं नाही. मग हळूच बापाच्या बाजूला वळलं आणि तसंच राहिलं. दिवे कधी लावावेत ते मला त्या दिवशी समजलं नाही. छोट्या सेठनं खालून माणूस पाठवला तेव्हा लावले.

शाल झाली, टाळ्या झाल्या, लोक दादांच्या पाया पडले, कुणी चेष्टाही केली. नंतर आम्ही तिघं टॉकीजसमोरच्या टपरीवर चहा घेत होतो. वैशालीनं विचारलंच.

"बाबा, तुमी त्या सीनमंदी पोरीकडे कावून नाई पाह्यलं?"

दादांनी कप खाली ठेवला.

"डोळ्यात ऊन येऊन राह्यलं होतं बेटा. नदीवर लई ऊन राह्यते."

"मले वाटलं होतं तुमी..."

"काई नाई. ऊन होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. घाटावर मी होतो हे तिला ठाऊक होतं. मी म्हटलं, "हो, कडक ऊन होतं." एवढं बोलून झाल्यावर मला फार वाईट वाटलं. जे पाहून ती बापाकडे परत आली होती, तेच आम्ही दोघांनी मिळून तिच्या हातातून काढून घेतलं. पण दुसरा रस्ता कोणता होता? तुझ्यासाठीच, असं म्हटलं असतं तर, मग मला घरातून काढलं कशाला, हे तिनं विचारलंच असतं. मैनावहिनींचा फोटो तिच्या भिंतीवर आहे, तिथे ताजं फूल आहे.

सुखदेवदादा गेल्या हिवाळ्यात गेले. शेवटपर्यंत त्यांनी ऊनच सांगितलं. आता हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलो आणि त्या ओझ्यानं मला झोप येईना. या अंकाच्या संपादकांनी टॉकीजच्या दिवसांवर लिहायला सांगितलं, तेव्हा मला वाटलं, इथेच लिहून टाकावं. नावं बदलून टाकली की झालं. शिवाय वैशाली मराठी घरात बोलते, पण शाळा सगळी हिंदीत झाली, अक्षरं तीच असली तरी मराठी वाचायच्या वाटेला ती जात नाही. तिच्या पोराला तर मराठी बोलताही येत नाही. इथल्या बहुतेक घरांचं हेच आहे आणि एरवी मला त्याचं दुःख होतं, या वेळी मात्र हायसं वाटलं.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. परवा तिचा फोन आला.

"काका, तुमी बाबांवर लिहून राह्यले म्हणे. काकू बोलली बाजारात."

"असंच आपलं. टॉकीजचं."

"मी रविवारी येतो. मले वाचून दाखवा. आन् मधातलं काई सोडू नका."

"सोडीन कशाले?"

"मी मोबाईलवर तो सीन लई वेळा पाह्यला काका. त्याच्यात कोनाचीच सावली नाई. ना नावेची, ना त्या पोरीची. ऊन नोतं त्या दिवशी."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. कुसुम मेथी निवडत बसली होती. तिच्यापाशी जाऊन बसलो आणि उतईच्या चहापासून सगळं सांगून टाकलं. मैनावहिनी कशी कठोर होती, तेही. कुसुमनं मेथी बाजूला ठेवली.

"कठोर?" ती म्हणाली. "तुमाले काय माईत आहे मैनाबाईचं?"

"हेच, जे दादांनी सांगतलं."

"दादाले बी माईत नोतं, त्यायच्या लग्नाआधीचं होतं ते, माहेरानं दाबलं. मले सांगतलं होतं तिनं, पापडाच्या वेळेस, आन् कोनाले सांगू नको म्हणे. तिची लहान बहीन अशीच गेली होती, जातीबाहेर लग्न करून. वर्ष नाई झालं तर तिले विहिरीतून काढलं. पाय घसरला म्हणे सासरचे. ओळखाले मैनाबाईले नेलं होतं. तोंड नाई राह्यलं होतं, बांगड्यायवरून ओळखलं तिनं."

मी मेथीची एक काडी उगाच हातात घेतली.

"दार लावलं तर पोरगी घाबरून परत येईन, असं वाटे तिले. नाई आली. मंग म्हणे, आता ते दार बंदच राहू द्या. काई झालं तर मले कोनी ओळखाले बोलवू नये. मी नाई पाहू शकत पुन्हा."

ती वहिनी वीस वर्षं माझ्या मनात दार लावून उभी होती, आणि मी तिला एका नजरेनं पाहत होतो. नेहरू नगरच्या त्या पेन्शनरचा किस्सा सांगून मी लोकांना हसवलं होतं. मी कोण वेगळा? मला आता पापड लाटताना खाली मान घातलेली मैनावहिनी आठवते, आणि आठवते तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्यांकडेच लक्ष जातं. बिचारी, असं मी मोठ्यानं म्हटलं. कुसुम म्हणाली, "वैशूले सांगा हे." मी म्हटलं, दादा रागावतील. ती म्हणाली, "रागावू द्या. पोरीले उन्हात ठेवून गेले ते."

म्हणून हे शेवटचं आज जोडतो आहे. उद्या रविवार. वैशाली येईल, समोर बसेल, आणि मी कागद उलटे करीन. छोट्या सेठशी मी एवढं भांडलो होतो, पण तिला मी आधीचंच आधी वाचून दाखवणार आहे. सुरुवात विहिरीपासून करीन.